गोदो इंजिन, दुसरीचा वर्ग आणि पहिली वेलांटी

खडूफळा | शनिवार, रात्री १०.४२

नमस्कार मंडळी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीला शिकवतो. प्रोग्रामिंग शिकलो ते व्हिडिओ बघून आणि चुका करून. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मेहुण्याचा जुना लॅपटॉप हाती आला आणि वर्गासाठी एक खेळ करायला घेतला. पडद्यावर अक्षरं विखुरलेली असतात, ती जुळवून शब्द करायचा, शब्द बरोबर आला की किल्ल्याच्या तटावर एक दगड चढतो. दिवाळीत मुलं अंगणात किल्ला करतातच, त्याआधी फोनमध्ये एक करू देत, एवढाच विचार.

पहिला प्रयत्न ज्या इंजिनात केला त्याचं नाव सांगत नाही, धागा भांडणाचा करायचा नाही. पहिलाच शब्द ठेवला होता 'किल्ला'. पडद्यावर आला तेव्हा वेलांटी क ला सोडून पुढच्या ल ला चिकटलेली, त्या ल चा पाय मोडलेला, आणि शेवटी सुटा ला. पहिल्या बाकावरच्या मुलीने सरळ 'कलिला' वाचलं. तिची काय चूक, तसंच दिसत होतं.

महिनाभर मला वाटत होतं की फॉन्ट खराब आहे. सात-आठ फॉन्ट बदलून झाले. फॉन्ट बिचारे ठीक होते. 'कि' साठवताना संगणक आधी क आणि मग वेलांटी ठेवतो, म्हणजे उच्चाराच्या क्रमाने. काढताना मात्र वेलांटी आधी यायला हवी. क आणि ष यांच्यामध्ये हलन्त आला तर तिघांच्या जागी एकच आकृती आणायची. सूर्य मधला र् उचलून रफार करून य च्या डोक्यावर न्यायचा. फॉन्टमध्ये याची कोष्टकं असतात, पण ती वाचून मांडणी करणारं कुणीतरी इंजिनात असावं लागतं. इंग्रजीचं तसं नाही, एका अक्षराशेजारी दुसरं ठेवलं की काम भागतं. म्हणून इंजिन लिहिणाऱ्याला यात काही अडचण आहे हे वर्षानुवर्षं जाणवतच नाही.

मग गोदो या फुकट गेम इंजिनाची चौथी आवृत्ती उतरवून घेतली. तोच शब्द, तोच फॉन्ट, आणि वेलांटी जागच्या जागी. रात्री बारा वाजता बायकोला उठवून दाखवलं. ती म्हणाली, "किल्ला लिहिलंय. मग?"

खेळ आता अर्धा झालाय. इथे कुणी गोदो वापरतं का? दोन शंका आहेत. एक, पालकांकडचे फोन फार जुने आहेत, त्यावर चालेल का. दोन, सगळं फुकट आहे म्हणजे उद्या बंद पडलं किंवा पैसे मागायला लागले तर काय.

---

सांडगी मिरची | शनिवार, रात्री ११.०५

बायकोचा संवाद वाचून फुटले. :))

अडाणी प्रश्न आहे, हसू नका. गेमचं इंजिन म्हणजे नक्की काय? मी समजत होते की गेम म्हणजे एक अख्खा प्रोग्राम असतो आणि तो कुणीतरी लिहितो.

---

खडूफळा | शनिवार, रात्री ११.३१

अडाणी कसला, मलाही वर्षभरापूर्वी हाच प्रश्न होता. माझ्या खेळात माझं स्वतःचं काय आहे? शब्दांची यादी, दगडांची चित्रं, आणि "शब्द जुळला तर दगड चढव" हा नियम. पण पडद्यावरचं चित्र सेकंदाला ६० वेळा पुसून नव्याने काढणं, बोट नेमकं कशावर टेकलं ते ओळखणं, सुटलेला दगड कुठे आपटून थांबेल ते ठरवणं, आवाज वाजवणं, आणि तोच खेळ विंडोजवर, अँड्रॉइडवर, ब्राउझरमध्ये चालेल अशी फाइल बनवणं, ही हमाली प्रत्येक खेळाला सारखीच लागते. ती एकदा लिहून ठेवली की झालं इंजिन.

गोदोमध्ये सगळ्याचा एकक म्हणजे नोड. चित्राचा नोड, आवाजाचा नोड, घड्याळाचा नोड. नोडखाली नोड लावत झाड करायचं, त्या झाडाला ते सीन म्हणतात. एक दगड हा सीन. असे वीस दगड मिळून तट, तोही सीन. दगडाचा रंग मूळ सीनमध्ये बदलला की तटावरचे वीसच्या वीस बदलतात. किल्ल्यावरचे मावळे साच्यातून काढतात, तसंच. फक्त इथे साचा बदलला की आधी काढलेले मावळेही बदलतात.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे सिग्नल. शाळेची घंटा वाजते. पहिलीची मुलं डबा उघडतात, चौथीची मैदानावर पळतात, मी खडू खाली ठेवतो. कोण काय करणार हे घंटेला माहीत नसतं आणि माहीत असायची गरजही नसते. माझा 'शब्द जुळला' हा सिग्नल असाच आहे. दगड ऐकतो आणि चढतो, तुतारी ऐकते आणि वाजते. आधी मी हे सगळं एकाच फाइलमध्ये कोंबलं होतं, तीनशे ओळी झाल्या होत्या.

---

निमशहरी | रविवार, सकाळी ७.५०

गुरुजी, दुसऱ्या शंकेबद्दल थोडं सविस्तर लिहितो.

गोदो अर्जेंटिनातलं. हुआन लिनिएत्स्की आणि एरियल मान्झुर या दोघांनी ब्युनोस आयर्समध्ये स्वतःच्या आणि गिऱ्हाइकांच्या गेमसाठी ते कित्येक वर्षं आतल्या आत वापरलं. फेब्रुवारी २०१४ मध्ये त्याचा सगळा कोड त्यांनी एमआयटी परवान्याखाली खुला केला. १.० आवृत्ती त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आली. २०१८ च्या जानेवारीतल्या ३.० ने त्रिमितीचं चित्रण नव्याने लिहिलं. १ मार्च २०२३ ला ४.० आली, तिच्यात वल्कन (ग्राफिक्सच्या चिपकडून चित्र काढून घ्यायची नवी पद्धत) आलं आणि तुमची वेलांटी पण.

ती वेलांटी हा लहानसा बदल नव्हता बरं का. तिसऱ्या आवृत्तीपर्यंत गोदोही अक्षराशेजारी अक्षर ठेवणाऱ्यांतलंच होतं. अरबी उलट दिशेने जायची, देवनागरी तुटायची. चौथीत अक्षरमांडणीचा भाग पूर्ण बाहेर काढून 'टेक्स्ट सर्व्हर' नावाने नव्याने लिहिला आणि आत हार्फबझ ही लायब्ररी बसवली. अँड्रॉइड आणि क्रोममध्येही मांडणीचं काम हार्फबझच करते.

आता परवाना. एमआयटी म्हणजे कोड घ्या, बदला, विका, फक्त मूळ हक्काची नोंद सोबत ठेवा. गेमच्या कमाईतला वाटा नाही, नोंदणी नाही. आणि कळीचा मुद्दा असा की एकदा दिलेली आवृत्ती परत घेता येत नाही. उद्या सगळे विकासक संन्यास घेऊन हिमालयात गेले तरी तुमच्या लॅपटॉपवरची आवृत्ती तुमचीच राहते. पैसा देणग्यांतून येतो. २०२० मध्ये अनरील हे दुसरं गेम इंजिन बनवणाऱ्या एपिकने अडीच लाख डॉलर दिले होते, म्हणजे चक्क प्रतिस्पर्ध्याने. २०२२ मध्ये नेदरलँड्समध्ये गोदो फाउंडेशन स्थापन झालं, हिशेब आता तिथून चालतो.

---

पिंपळपान | रविवार, सकाळी ९.१२

अवांतर: नाव बेकेटच्या नाटकावरून आहे. दोघं माणसं झाडाखाली वाट बघत बसतात आणि गोदो काही येत नाही. इंजिनात नव्या सोयी टाकत राहायची इच्छा कधी संपणार नाही, म्हणून म्हणे हे नाव. आमच्या प्रायोगिकवाल्यांनी आयुष्यभर त्याची वाट पाहिली आणि आला तो जिल्हा परिषदेच्या शाळेत.

---

रात्रपाळी | रविवार, दुपारी १.२०

पिंपळपान, __/\__

मी पुण्यात मोबाइल गेमच्या एका कंपनीत आहे, रोजचं काम युनिटी या दुसऱ्या गेम इंजिनात. त्यामुळे दुसरी बाजू मांडतो, हलके घ्या.

गोदोकडे लोकांचा लोंढा वळला तो सप्टेंबर २०२३ मध्ये. १२ तारखेला युनिटीने 'रनटाइम फी' जाहीर केली. गेम जितक्या वेळा फोनवर बसवला जाईल तितक्या वेळा पैसे. छोट्या परवान्यावर वर्षाची कमाई दोन लाख डॉलर आणि एकूण दोन लाख इन्स्टॉल, हे दोन्ही उंबरठे ओलांडले की त्यापुढच्या प्रत्येक इन्स्टॉलला २० सेंटपर्यंत. भारतासारख्या बाजारांसाठी दर कमी होते, पण तत्त्व तेच. फुकट गेम जाहिरातींवर चालतो. दहा लाख लोक बसवतात, त्यातले बरेच दुसऱ्या दिवशी काढून टाकतात. मिळकत खेळण्यावर आणि बिल बसवण्यावर, हे गणित जुळवायचं कसं? शिवाय बाजारात आधीच असलेल्या गेमनाही ते लागू होणार होतं, लोक जास्त भडकले ते त्यावर.

दहा दिवसांत युनिटीने बऱ्याच अटी मागे घेतल्या, ऑक्टोबरमध्ये सीईओ जॉन रिक्टिएलो पायउतार झाले, आणि बरोबर एका वर्षाने, सप्टेंबर २०२४ मध्ये, ती फी पूर्ण रद्द झाली. पण मधल्या काळात टेरारिया या गेमच्या निर्मात्यांनी गोदोला एक लाख डॉलर देऊन टाकले, वर दरमहा हजार. स्ले द स्पायर या गेमवाल्यांनी त्याचा दुसरा भाग युनिटीतून उचलून गोदोत नेला.

एवढं सांगूनही मी युनिटीतच आहे, आणि नाराज नाही. जाहिरातींचे, खरेदीचे, आकडेवारीचे तयार जोड तिथे सहज मिळतात, अडलात तर उत्तर कुणीतरी आधीच लिहून ठेवलेलं असतं. कुणाचा मुलगा 'गेम डेव्हलपर व्हायचंय' म्हणत असेल तर त्याला सांगा, आपल्याकडच्या नोकरीच्या जाहिरातींत युनिटी आणि अनरील हीच दोन नावं मुख्यतः दिसतात. अनरील दहा लाख डॉलर कमाईपर्यंत काही मागत नाही, पुढे ५ टक्के. प्लेस्टेशन, स्विच वगैरेवर जायचं असेल तर गोदोत वळसा आहे. कन्सोलवाल्यांचा कोड गुप्ततेच्या करारात असतो, तो खुल्या इंजिनात टाकता येत नाही, त्यामुळे ते काम सहसा पैसे देऊन वेगळ्या कंपनीकडून करून घ्यावं लागतं.

गुरुजींच्या कामाला मात्र गोदोच. तिथे दुमत नाही.

---

कुंभारवाडा | रविवार, दुपारी २.४४

सगळ्यांचं कौतुक चाललंय म्हणून मुद्दाम विचारतो. अक्षरं जुळवायच्या खेळाला इंजिन हवंच कशाला? साधं वेबपेज करा. ब्राउझरमध्ये देवनागरी कित्येक वर्षांपासून नीट दिसते, फाइल शंभर-दोनशे केबीची होईल, जुन्यातल्या जुन्या फोनवर उघडेल. डासाला तोफ कशाला?

---

खडूफळा | रविवार, दुपारी ४.१०

कुंभारवाडा, तुमचं बरोबर आहे आणि हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर कदाचित तेच केलं असतं. फक्त शब्द असते तर वेबपेज पुरलं असतं. पण मुलांना शब्दांत रस नाही हो! त्यांना दगड खाली सोडून बुरूज पाडण्यात रस आहे. दगडाचं वजन, घसरणं, एकमेकांवर आपटणं हे इंजिनात आयतं मिळालं. चूक शब्द केला की दगड घरंगळत खाली येतो, आणि निम्मा वर्ग मुद्दाम चुका करतो.

दुसरं म्हणजे जीडीस्क्रिप्ट. गोदोची स्वतःची भाषा, पायथनसारखी, महिरपी कंस नाहीत. मला ती झेपली. जावास्क्रिप्ट दोनदा सुरू करून दोनदा सोडली होती.

जुन्या फोनचं उत्तर माझं मलाच सापडलं, कुणाला उपयोग होईल म्हणून लिहितो. प्रोजेक्ट सुरू करताना चित्रणाच्या तीन पद्धतींतून एक निवडायची असते. मी नुसतंच 'पुढे' दाबत गेलो होतो. जुन्या फोनसाठी 'कम्पॅटिबिलिटी' निवडायची, ती जुन्या ओपनजीएलवर चालते, वल्कन लागत नाही. ते केलं तरी चार पालकांचे फोन 'ॲप इन्स्टॉल झालं नाही' म्हणत होते. दोन दिवस गेले. ते फोन ३२-बिट निघाले, आणि अँड्रॉइडची फाइल बनवताना मी फक्त ६४-बिटच्या चौकटीत खूण ठेवली होती. शेजारच्या चौकटीत खूण केली, झालं.

आता नवी अडचण आहे. 'किल्ला' शब्द तोडून अक्षरं विखरायची तर गोदो त्याची लांबी ६ सांगतो. माझी दुसरीची पोरं २ सांगतात. पडद्यावर एक सुटा हलन्त घरंगळत आला तेव्हा एकाने विचारलं, "सर, हा किडा आहे का?"

---

आयंडहोवनकर | रविवार, रात्री ८.५५ (इथे अजून संध्याकाळ)

किडा!! :)) वाचनखूण साठवली.

गुरुजी, पोरांचं बरोबर आहे आणि गोदोही खोटं बोलत नाही. तो क, वेलांटी, ल, हलन्त, ल, काना असे सहा सांकेतिक बिंदू मोजतोय. माणसाला 'एक अक्षर' म्हणून जे दिसतं त्याचे नियम युनिकोडमध्ये (संगणकात सगळ्या लिप्या साठवायच्या प्रमाणात) वेगळे लिहिलेले आहेत, आणि गंमत म्हणजे तिथेही ल् आणि ला बराच काळ वेगळे मोजले जायचे. हलन्ताने जोडलेली व्यंजनं देवनागरीत एकत्र ठेवायचा नियम आला तो सप्टेंबर २०२३ च्या १५.१ आवृत्तीत. म्हणजे बालभारती वाचणाऱ्या पोराला जे ठाऊक होतं ते युनिकोडने परवा-परवा मान्य केलं.

टेक्स्ट सर्व्हरमध्ये शब्द तोडून देणारं फंक्शन आहे, पण ते आतल्या लायब्ररीच्या आवृत्तीवर अवलंबून राहतं. तुमच्या जागी मी असतो तर स्वतः लिहिलं असतं, दहा-बारा ओळींचं काम. एकेक चिन्ह घेत जा. ते काना-मात्रा-वेलांटी, अनुस्वार, विसर्ग, नुक्ता (अक्षराखालचा टिंब) किंवा हलन्त असेल तर आधीच्या तुकड्याला चिकटवा. आधीचा तुकडा हलन्तावर संपत असेल तर येणारं व्यंजनही त्यालाच चिकटवा. बाकी सगळं नवा तुकडा. 'किल्ला' चे कि आणि ल्ला असे दोन मिळतील.

तीन गोष्टी आणखी.

लेबलच्या (पडद्यावर मजकूर दाखवणाऱ्या नोडच्या) भाषेच्या रकान्यात मराठीचं चिन्ह 'mr' लिहा, किंवा अख्ख्या प्रोजेक्टची भाषा मराठी करा. फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श वेगळे दिलेले असतील तर ते आपोआप येतात, नाहीतर हिंदी वळणाचे दिसतात. पहिली-दुसरीच्या मुलांसाठी हा फरक मोठा आहे, फळ्यावर तुम्ही ज्या वळणाचा ल काढता तोच फोनवर हवा.

दुसरं, शब्दांच्या यादीत 'दऱ्या' आणि 'दर्या' दोन्ही आहेत का? किल्ल्यांचा खेळ म्हणजे असणारच, रायगडाभोवती एक आणि सिंधुदुर्गाभोवती दुसरा. 'दऱ्या' मधला र हा नुक्तावाला वेगळा र असतो. तो एकसंध चिन्ह म्हणूनही लिहिता येतो आणि साधा र अधिक नुक्ता असाही. दिसायला दोन्ही सारखे, पण तुलना केली तर इंजिन 'चूक' म्हणेल आणि पोराचा दगड विनाकारण खाली येईल. यादी आणि तुलना दोन्हीकडे एकच रूप ठेवा.

तिसरं, फाइल लहान करायच्या नादात कुणी साध्या टेक्स्ट सर्व्हरने इंजिन बांधायला सांगेल. ऐकू नका. त्यात हार्फबझ नसतं, पुन्हा 'कलिला' होईल.

---

निमशहरी | रविवार, रात्री ९.३०

+१. आणि संवाद एकेक अक्षर उमटवायचा असेल तर तिथेही खाचखळगा आहे. आधी क दिसतो, मग टुणकन उडी मारून कि होतो. लेबलला 'दिसणारी अक्षरं कशी मोजायची' अशी एक निवड आहे, ती मांडणीनंतर मोजण्यावर ठेवली की हे थांबतं.

---

खडूफळा | सोमवार, पहाटे ५.४०

झोपलो नाही. चिकटवायचं फंक्शन चौदा ओळींत झालं. 'दऱ्या' चं तर फारच नेमकं सांगितलंत, यादीतले अकरा शब्द दुसऱ्या प्रकारच्या र ने लिहिलेले निघाले, वेगवेगळ्या ठिकाणांहून चिकटवले होते ना.

एकच पेच उरलाय. 'क्षत्रिय' तोडला तर क्ष, त्रि, य असे तीन तुकडे मिळतात, छान. पण 'लक्ष्मी' चा क्ष्मी एकच तुकडा येतो. वर्गात मी क्ष हे वर्णमालेतलं स्वतंत्र अक्षर म्हणून शिकवतो, मग मुलं क्ष आणि मी वेगळे मागणार की काय?

---

पिंपळपान | सोमवार, सकाळी ८.०२

मुलं मागणार नाहीत, विस्तार अधिकारी मागतील.

---

सांडगी मिरची | सोमवार, सकाळी ८.४०

मला निम्मं कळलं नाही, तरी शेवटपर्यंत वाचलं. माझ्या भाचीला हवाय हा खेळ. ती ठाण्यात असते, घरात सगळे आयफोन.

---

खडूफळा | सोमवार, सायंकाळी ६.१५

ताई, आयफोनची फाइल बनवायला मॅक लागतो, आणि मेहुण्याकडचा मॅक काही मला मिळणार नाही. पण ब्राउझरसाठी बनवून देतो. आधीच्या ४ च्या आवृत्त्यांत त्याला सर्व्हरवर खास सोय करावी लागायची, ४.३ पासून ती भानगड गेली. आज मुलांनी 'लक्ष्मी' चा पूर्ण तुकडा न कुरकुरता जुळवला. पहिल्या बाकावरचीने 'किल्ला' वाचला आणि पुढचा शब्द दाखवा म्हणाली. दुवा उद्या शाळेतून आलो की इथेच टाकतो. आवाज मात्र पडद्याला पहिल्यांदा हात लावल्यावरच सुरू होतो, तेवढं भाचीला सांगून ठेवा.